ती विसरली नव्हती

हे मी फार आधी सांगायला हवं होतं, पण टाळत राहिलो. टाळायला दरवेळी काहीतरी निमित्त सापडायचं. आधी म्हटलं, तिचं वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे. मग सुनेच्या माहेरी आजारपण निघालं. मग मुलानं नोकरी बदलली, त्याच्या डोक्याला आणखी ताप नको. पुढं पुढं वाटायला लागलं, आता सांगून तरी कुणाचं काय भलं होणार? अशी वर्षं गेली.

परवा शेजारची एक बाई आमच्या ओट्यावर बसली होती. तिला काही दुखणं होतं, पण दवाखान्यात सांगायची लाज वाटते म्हणत होती. माझी सून तिला म्हणाली, "काकू, असं करू नका हो. आमच्या आईंनी लपवून ठेवलं आणि केवढे हाल करून घेतले स्वतःचे. एक शब्द बोलल्या असत्या तर..." सुनेच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्या बायकोचं तिनं जेवढं केलं, तेवढं पोटच्या मुलीनंही केलं नसतं. तिला जे ठाऊक आहे तेच ती सांगत होती. मी आत खुर्चीत बसलो होतो. उठलो आणि मागच्या गोठ्यात गेलो. गोठ्यात आता जनावर नाही, भाडेकरूंच्या मोटारसायकली लावलेल्या असतात. त्यांच्यामध्ये जाऊन उगाच उभा राहिलो.

माझ्या बायकोनं काही लपवलं नव्हतं, आणि ती विसरलीही नव्हती. तिनं विचारलं होतं. मलाच विचारलं होतं. मी तिला जे उत्तर दिलं आणि पुढं जे जे गिळून बसलो, ते इथं लिहितो आहे. मुलानं आणि सुनेनं वाचावं म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव पुण्याजवळ, पौडच्या बाजूला, चांदे गावाच्या पलीकडं. पूर्वी सगळी भातखाचरं होती. आता निम्म्या खाचरांत इमारती उभ्या आहेत, उरलेल्यांत आम्ही अजून भात लावतो. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. थोडा शिकलेला आणि बोलायला धीट, म्हणून गावात कुणाला पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं झालं की मला बरोबर घेत. डॉक्टर काय म्हणतात ते मी पेशंटला समजावून सांगायचो आणि पेशंटला काय म्हणायचंय ते डॉक्टरांना. कुणाची मूळव्याध असो, कुणाचा हर्निया असो, मला सांगताना कधी संकोच वाटला नाही. दुसऱ्याच्या दुखण्याला कसला संकोच?

बायकोचं दुखणं मी तसं कधी सांगू शकलो नाही.

तिचं दुखणं जुनं होतं. मुलगा झाला त्याला पुरता सव्वा महिनाही झाला नव्हता आणि ती आवणीला चिखलात उतरली. त्या वर्षी भात लावायला माणसं मिळत नव्हती. तिला कुणी जा म्हटलं नाही, पण जाऊ नकोस असंही मी म्हटलं नाही. पुढं उतारवयात त्याचं फळ दिसलं. एका संध्याकाळी मी हातपाय धूत होतो आणि ती तांब्यानं पाणी घालत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आवं, बसताना खाली काईतरी आल्यागत वाटतंय."

"काय आल्यागत?"

"आता कसं सांगू... अंग भाईर येतंय."

मी पायांकडं बघत राहिलो. "किती दिस झालं?"

"लई दिस."

"मग बोलली न्हाईस ती?"

"कुनाला बोलू? गावाची दुखनी डाक्टरला सांगत हिंडताय, माझं ऐकाया टाइम कुटं हाय तुमाला?"

पौडला एक डॉक्टरबाई होत्या, तिथं तिला घेऊन गेलो. पेशंटबरोबर डॉक्टरच्या खोलीत न जाता बाहेर थांबायची माझी ती पहिली वेळ. रस्त्याच्या पलीकडं टपरीवर चहा घेत उभा राहिलो. ती बाहेर आली आणि स्कूटरजवळ येऊन हळूच म्हणाली, "पिशवी काढाया सांगितलीया. आनि पुढं तीन म्हैनं वजन उचलायचं न्हाई म्हनं."

तेव्हा घरामागं भाड्याच्या खोल्यांचं बांधकाम सुरू होतं. भिंतींना पाणी मारणं, गवंड्यांचा चहा, सगळं तिच्यावर होतं. मी म्हटलं, "स्लॅब पडू दे. मग बघू." तोवर म्हणून डॉक्टरबाईंनी आत एक रिंग बसवली. मऊ रबराची, अंग वर धरून ठेवणारी. तीन-चार महिन्यांनी यायचं, काढून स्वच्छ करून पुन्हा बसवायची, असं सांगितलं. तिला फार आराम पडला. परत येताना स्कूटरवर मागं बसून हसत होती. "लग्नात कबूल केलेली अंगठी आत्ता मिळाली बगा. ती बी कुनाला दावता येत न्हाई."

स्लॅब पडला. खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी पोरं राहायला आली. ऑपरेशनचं तिनं काढलं की मी म्हणायचो, "रिंगीनं भागतंय न्हवं?" आणि भागत होतं. ती वेळच्या वेळी पौडला जाऊन यायची. मग टाळेबंदी आली, दवाखाना बंद झाला. सगळं पुन्हा उघडलं तेव्हा कळलं, डॉक्टरबाई त्यांच्या मुलाकडं परदेशी निघून गेल्या.

त्या वर्षी भाताची झोडपणी चालू असताना तिनं विषय काढला. मी गडबडीत होतो. त्या दिवशी शेजारच्या खाचराच्या मोजणीला माणसं येणार होती आणि मी कपडे घालून निघालो होतो. ती अंगावरचा भाताचा कोंडा झटकत जवळ आली.

"आवं, त्या रिंगीचं बगाया पायजे. पौडची बाई तर गेली. पुण्यात कुनाला तरी दावू."

"अजून हाय व्हय ती?"

"आसंल की. मला काय दिसतीया?"

"तरास होतोय का?"

"न्हाई."

"अंग येतंय भाईर?"

"न्हाई. आता न्हाई येत."

"मग पडली आसंल कुटंतरी. न्हाणीत-बिणीत गेली आसंल वाहून. रबर ते, किती दिस टिकनार?"

"पडली आसती तर मला कळलं नसतं?"

"सगळं कळतंय व्हय? बरं झालंय ते झालंय. उगं कोरत कशाला बसायचं?"

तेव्हा ती म्हणाली, "तुमी डाक्टरांत वावरता. तुमी म्हनताय तर पडली आसंल."

मला काहीही ठाऊक नव्हतं. रिंग अशी पडते का, पडली तर कळतं का, न पडता राहिली तर काय होतं, यातलं काही मी कुणाला विचारलेलं नव्हतं. पुण्याला न्यायचं म्हणजे मुलाला गाडी काढायला सांगायचं, म्हणजे त्याला कारण सांगायचं, आणि ते कारण आईचं असं. विषय तिथंच संपावा म्हणून मी बोललो. तिनं मात्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि त्या दिवसापासून तिच्या लेखी रिंग पडून गेली.

नंतर तिच्या छातीत गाठ निघाली. तिचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. आम्ही सुटलो म्हणेपर्यंत रोग पाठीच्या मणक्यात गेला. पायांतली ताकद गेली आणि ती अंथरुणाला खिळली. मधल्या खोलीत तिची कॉट लावली, हवेची गादी आणली. इंजेक्शनांसाठी मधून मधून अँब्युलन्सनं पुण्याला न्यायचं. सुनेचं ऑफिसचं काम घरूनच असायचं. कानाला ते यंत्र लावून मीटिंगमध्ये बोलता बोलता ती सासूला कुशीवर वळवायची. बायको तिला म्हणायची, "तुझ्या सायबाला सांग, सासू बी तुमच्याच कंपनीत हाय म्हनावं. पगार काढा तिचा."

भाद्रपदात एका सकाळी सून स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "अण्णा, आईंच्या अंगावरून जातंय. दोन-तीन दिवस बघतेय मी. पिवळट आहे, थोडं तांबूसपण. वास येतोय. डॉक्टरांना सांगायला पाहिजे."

त्याच क्षणी मला रिंग आठवली. आठवली नव्हती, असं पुढं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं, पण आठवली होती.

त्या संध्याकाळी मुलानं डॉक्टरांना फोन लावला. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. आम्ही तिघं भोवती बसलो. बायको पलीकडच्या खोलीत झोपली होती. डॉक्टर तरुण होते, शांतपणे एकेक विचारत होते. रंग कसा, ताप आहे का, लघवीच्या नळीतून काही येतं का. सून सांगत होती. मग त्यांनी विचारलं, "पूर्वी गर्भाशयाचा काही त्रास? आत काही बसवलेलं होतं का कधी? तांबी किंवा दुसरं काही?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मुलानं टेबलाकडं बघत विचारलं, "अण्णा?"

"नाही," मी म्हणालो. "तसलं काही नाही."

अडखळलोसुद्धा नाही. परक्या पेशंटचं सांगत असावं तसा खणखणीत आवाज निघाला. हो म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न आलेच असते. कधी बसवली, काढली का नाही, ऑपरेशन का केलं नाही, पडली असं कोण म्हणालं. ही सगळी उत्तरं सुनेच्या समोर द्यावी लागली असती. मी मनात ठरवलं, उद्या एकट्यानं डॉक्टरांना फोन करून सांगू. दुसऱ्या दिवशी खोल्यांच्या मागं जाऊन खरोखर फोन लावला. एका मुलीनं उचलला. "पेशंटचं नाव सांगा. काय त्रास होतोय?" माझ्या सुनेपेक्षाही लहान वयाचा आवाज. मी फोन बंद केला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी अंगावरून जाणं कमी झालं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, म्हणजे ते नव्हतंच. गोळ्या संपल्या आणि ते पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जास्त. ताप यायला लागला, म्हणून इंजेक्शन पुढं ढकललं. वास खोलीत राहायला लागला. सून दिवसातून कितीदा तरी कपडे बदलायची, धूप लावायची. भेटायला येणाऱ्या बायका कॉटजवळ बसायच्या त्या दाराजवळ बसायला लागल्या, मग यायच्या थांबल्या. बायकोला ते कळत होतं. कुणी आलं की डोळे मिटून झोपल्याचं सोंग घ्यायची, म्हणजे त्यांना लवकर जाता यावं.

डॉक्टर म्हणाले, रोग गर्भाशयात उतरला असेल तर औषध बदलावं लागेल, एकदा आणून तपासू. पण अँब्युलन्सच्या धक्क्यांनी तिच्या पाठीत कळा यायच्या. ती म्हणाली, "आता आनि काय बगायचं ऱ्हायलंय? वरनं खालपत्तुर समदी खाल्ली त्यानं मला." नवरात्रानंतर बघू, असं ठरलं.

त्याच दिवसांत एकदा दुपारी मी तिच्याजवळ एकटा होतो. डोळे मिटूनच तिनं विचारलं, "आवं, ती रिंग तर न्हाई न्हवं आत?"

माझ्या हातात पंखा होता, तो थांबला.

"ती कवाच पडली," मी म्हणालो. "म्हनलो न्हवतो का?"

"व्हय," ती म्हणाली. "म्हनला व्हता."

एवढंच. मी पुन्हा वारा घालायला लागलो.

मग नवरात्र आलं. आमच्या घरी घट मधल्या खोलीत बसतो. ज्या भिंतीशी देव्हारा, तिच्यासमोरच तिची कॉट होती. लग्न होऊन आली तेव्हापासून घटाची माती शेतातून तीच आणायची, पेरणी तीच करायची, रोजची माळ तीच ओवायची. आदल्या दिवशी तिनं सुनेला हाक मारली. "मला हितनं हलवा. माझ्या अंगावरनं आसं जातंय, घटाच्या खोलीत चालायचं न्हाई."

सून म्हणाली, "आई, हा काय विटाळ आहे का? आजार आहे तो. देवीला कळतं ते."

"देवीला कळतंय गं. मला चालत न्हाई त्याला काय करू?"

"मग घट दुसऱ्या खोलीत बसवू. तुम्ही इथंच राहा."

"घटाची जागा बदलत्यात व्हय कुटं? तुझ्या साताऱ्याला बदलत आसतील."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्याकडं वळली. "अण्णा, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील त्या."

माझं तिनं ऐकलं असतं. विटाळ नाही, तुझ्यात कसलं पाप नाही, माझ्यामुळं राहून गेलेली रबराची एक रिंग आहे, एवढं सांगायचं होतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. मी म्हणालो, "तिच्या मनाला बरं वाटंल तसं करू."

मागच्या खोल्यांपैकी एक तेव्हा रिकामी होती. तिथं कॉट नेली. याच खोल्यांच्या स्लॅबसाठी तिचं ऑपरेशन राहिलं होतं. भिंतीवर आधीच्या पोरांनी चिकटवलेल्या चित्रांचे चौकोनी डाग होते. छत बुटकं, खिडकी एकच. शेजारच्या खोलीत विदर्भाकडची दोन पोरं राहायची. चांगली होती, आजी आल्यात म्हणून त्यांनी गाणी लावणं बंद केलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांची इकडची खिडकीही बंद राहायला लागली.

आरतीला घरच्या कर्त्यानं उभं राहायचं. मी मधल्या खोलीत उभा राहायचो, मुलगा घंटा वाजवायचा, सून ताट धरायची. मागच्या खोलीत ती एकटी. आरती झाली की मी तिच्याकडं जायचो. ती विचारायची, "आज कशाची माळ घातली?" मी सांगायचो, झेंडू, कधी शेवंती, कधी कारळ्याची फुलं. "घट उगवला का?" उगवला म्हणायचो. "किती वर आलाय?" मी बोटांनी दाखवायचो. ती बोटांकडं बघायची आणि म्हणायची, "औंदा जोमात हाय म्हंजी." तिनं बघायचं म्हटलं नाही, आणि चल दाखवतो असं मीही म्हटलं नाही. मुलगा म्हणाला, मोबाइलवर फोटो काढून दाखवतो. ती म्हणाली, "नगं रं. फोटूत बी आपलंच डोळं पडत्यात त्याच्यावर."

दसऱ्यानंतर रक्त दिसलं. मग थांबणं शक्यच नव्हतं. अँब्युलन्स आली. पुण्याच्या हॉस्पिटलात एका डॉक्टरबाईंनी तिला आत नेऊन तपासलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मुलगा सारखा उठत होता, बसत होता. खूप वेळानं त्या बाहेर आल्या, हातमोजे काढत म्हणाल्या, "कॅन्सर तिकडं गेलेला नाही. आत एक रिंग होती, अंग बाहेर येऊ नये म्हणून बसवतात ती. बरीच वर्षं तशीच राहिलीय. कडेनं रुतली होती, जखम झाली होती, त्यात पू झाला होता. काढली आता. भरून येईल."

मुलगा हसायला लागला आणि हसता हसता त्यानं तोंडावर हात धरले. सून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण हे कुणी सांगितलं कसं नाही? घरी कुणाला माहीत नव्हतं?"

"अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं?" मुलानं विचारलं.

"बायकांचं मला काय ठाऊक?" मी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग कागदावर लिहायला लागल्या.

थोड्या वेळानं आम्हाला तिच्याजवळ सोडलं. चेहरा पांढरा पडला होता, पण कपाळावरची आठी गेली होती. मुलगा तिच्या उशाशी बसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, त्यामुळं त्याला रागही आता आला. "आई, अगं आत रिंग होती आणि तू बोलली नाहीस? एवढे दिवस नुसतं कॅन्सर कॅन्सर म्हणून आम्ही... एक शब्द सांगायचास ना!"

मी तिच्या पायांकडच्या बाजूला उभा होतो. तिनं मान थोडी उचलून माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. ती आता बोलेल आणि सगळं संपेल, असं मला वाटलं. संपावं असंही वाटलं. मग तिनं मान खाली ठेवली.

"इसरले रं," ती म्हणाली.

"अशी कशी विसरलीस?"

"इसरतंय मानूस. परवा तू डबा इसरून गेला न्हवतास हापिसात? मी काय बोलले का तुला?"

सून हसली, मुलगाही हसला. नर्सही हसली. त्या हसण्यात ते मिटलं. तेव्हापासून आमच्या घरात, भावकीत, सुनेच्या माहेरी हीच गोष्ट सांगितली जाते. आई विसरल्या. आईंनी लाजेपोटी लपवलं. सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते, पण दोष तिच्याकडंच राहतो. मी प्रत्येक वेळी तिथं असतो.

जखम हळूहळू भरली. जाणं थांबलं, वास गेला. तिची कॉट पुन्हा मधल्या खोलीत आली. बायका पुन्हा जवळ बसायला लागल्या आणि तीही डोळे उघडे ठेवून त्यांच्याशी बोलायला लागली. इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली, पण रोग ऐकत नव्हता. तरुण डॉक्टरांना मी एकदा विचारलं, मधे औषध थांबलं त्यानं काही फरक पडला का? ते म्हणाले, "काका, फार नाही. मनाला लावून घेऊ नका." ते मला बरं वाटावं म्हणून बोलले की खरोखर तसं होतं, मला कळायला मार्ग नाही. आणि औषध थांबल्यानं आयुष्य कमी झालं नसेल असं धरलं, तरी ते नवरात्र तिच्या हातून गेलंच ना. मागच्या खोलीत गेलेले ते दिवस तिच्या शेवटच्या थोड्या दिवसांतलेच होते.

त्यावर ती माझ्याशी एकदाच बोलली. मी तिला चमच्यानं पेज भरवत होतो. दोन घास घेऊन म्हणाली, "त्या दिशी दवाखान्यात तुमी बोलाल, वाटलं मला."

"कवा?" मी विचारलं. कधी ते मला चांगलं माहीत होतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. "ऱ्हाऊ द्या. भरवा. गार होतीया."

उन्हाळा सरत आला तशी ती झोपेतच जास्त राहायला लागली. औषधाची गुंगी असायची. एका दुपारी मुलगा कामावर होता आणि सून आतल्या खोलीत मीटिंगला बसली होती. बायको त्या दिवशी बरीच जागी होती. मी दार लोटून घेतलं, स्टूल जवळ ओढलं. काय बोलायचं ते मी सकाळी शेताच्या बांधावर दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं होतं.

"आगं, ऐकतीस का?"

"हं."

"त्या रिंगीचं..."

तिनं डोळे पूर्ण उघडले आणि माझ्याकडं वळवले. ती वाट बघत होती. घाई नव्हती तिला. किती वेळ गेला, सांगता येत नाही. आत सुनेचा इंग्रजीत बोलण्याचा आवाज येत होता. शेवटी मी म्हणालो, "पौडची ती बाई बरी व्हती, न्हाई?"

ती बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. हात हलका व्हता तिचा." आणि डोळे मिटले.

त्यानंतर ती नीट शुद्धीवर आली नाही. आवणीच्या आधी गेली.

बांधावर म्हणून बघितलेलं मला अजून पाठ आहे. ते असं होतं: आगं, रिंग पडली न्हवती. मला काय बी ठावं न्हवतं आनि ठावं आसल्यागत मी बोललो. फोनवर डाक्टरनं इचारलं तवा मला आठवत व्हतं. तू पुन्ना इचारलंस तवा बी आठवत व्हतं. घटाफुडनं तुला उठवाया लावलं ते म्या. तू इसरली न्हवतीस, माझ्यापायी तसं म्हनलीस. माझं चुकलं. मला माफ कर.